अर्ध्या तासाचा योग

दिवाळी जवळ आली, की फराळाबरोबर घरोघरी संकल्पांचाही घाणा निघतो. “पाडव्यापासून रोज योगासने करायची” हा त्यांतला हमखास संकल्प. पण नव्याचे नऊ दिवस सरले, की सतरंजी माळ्यावर जाते आणि “अहो, वेळ कुठे मिळतो?” हे वाक्य तेवढे कायमचे मुक्कामाला राहते.

ही सबब अगदीच खोटी नाही. डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जाणाऱ्या माणसाचा दिवसाचा केवढा तरी भाग गाडीच्या गर्दीत जातो. पूर्वी निदान कचेरीला कुलूप लागले, की काम तिथेच राहत असे. आता ते मोबाइलमधून, खिशात बसून घरी येते. २०२० च्या टाळेबंदीत तर जेवणाचे टेबल हीच कित्येकांची कचेरी झाली. काम कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते, ही सीमारेषा तेव्हा पुसली गेली, ती अनेक घरांत अजून नीट उमटलेली नाही.

अशा संसारी माणसाला योग झेपेल का? योग हा गुहेतल्या बैराग्याचा मार्ग, असा शंभर वर्षांपूर्वी सर्वसाधारण समज होता. तो ज्यांनी मोडला, त्यांत दोघे गुरुबंधू होते. नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास हे त्यांचे गुरू. एक शिष्य श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला ‘योग इन्स्टिट्यूट’ काढली. दुसरे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. कुवलयानंदांनी आसने आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेऊन क्ष-किरणांनी तपासले. श्रीयोगेंद्रांनी योग घराच्या उंबरठ्याआत आणला. ते स्वतः गृहस्थाश्रमी होते, आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिले. संसार सोडल्यावाचून योग होतो, हे या दांपत्याने जगून दाखवले.

मी मराठी शिकवते. त्यामुळे शब्दांचे कूळ शोधायची खोड आहे. ‘योग’ शब्दाच्या मुळाशी ‘युज्’ म्हणजे जोडणे हा धातू आहे. बैलांच्या मानेवरचे आपले ‘जू’ही त्याच कुळातले. जू दोन्ही मानांवर सारखे बसले, तरच गाडा सरळ चालतो. नोकरी आणि घर हे आपल्या गाड्याचे दोन बैल. एकालाच ओढायला लावले, की गाडा रस्ता सोडणारच.

आता अर्ध्या तासाने एवढे काय साधते? अर्धा तास म्हणजे ताडासन, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन अशी चार-सहा साधी आसने, पाच मिनिटे संथ श्वसन आणि शेवटी शवासन. श्वास संथ केला आणि बाहेर सोडताना तो लांबवला, की हृदयाची धडधड मंदावते, ताठलेले अंग सैल होते. पोट मात्र रिकामे हवे. आणि रक्तदाब, पाठीचे दुखणे किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना व जाणत्या शिक्षकांना विचारावे. पतंजलींनी अभ्यासाची खूण सांगितली, ती आसनांच्या संख्येची नव्हे; दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला, तो अभ्यास. खरा लाभही तिथेच आहे. अर्ध्या तासाने साहेबांचे काम कमी होत नाही. पण जो माणूस रोजचा अर्धा तास कुणालाही न देता राखायला शिकतो, त्याला रात्री साडेनऊला आलेल्या निरोपाला “उद्या सकाळी बघतो” एवढे उत्तर देण्याचे बळ हळूहळू येते.

मात्र एक हिशेब राहून जातो. माझ्या परिचयाच्या एका घरात यजमान पहाटे तासभर योगासने करतात. मुद्रा प्रसन्न, वाणी गोड! त्याच तासात त्यांच्या पत्नी पाणी भरतात, तीन डबे करतात, मुलांना शाळेच्या बससाठी उठवतात आणि मग स्वतः नोकरीला धावतात. दूध उतू जात असले, तरी साहेबांचे पद्मासन मोडत नाही. लोक म्हणतात, “त्यांचा स्वभाव किती शांत, आणि बाई मात्र चिडक्या!” वाचकहो, त्या घरातली शांतता कुणाच्या कष्टांवर उभी आहे? एकाच्या मानेवरचे जू दुसऱ्याच्या मानेवर सरकवणे, याला समतोल म्हणत नाहीत.

म्हणून योगाचा संकल्प एकट्याने करू नये. घरादाराने बसून करावा. सकाळी तिचा अर्धा तास, तेव्हा डबे त्याने भरावेत. संध्याकाळी त्याचा, तेव्हा मुलांचा अभ्यास तिने पाहावा. मुले मोठी असली, तर कणीक मळायला त्यांनाही हात आहेतच. तेवढ्या वेळात सर्वांचे मोबाइल एका टोपलीत जावेत.

येत्या पाडव्याला ओवाळून झाल्यावर तबकात साडी किंवा दागिना घालण्याची रीत आहेच. ती खुशाल पाळावी. पण त्याबरोबर वर्षभरासाठी रोजचा अर्धा तासही घालावा आणि तो मोडू न देण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी. ही ओवाळणी सर्वांत महाग पडेल खरी. पण पुढच्या पाडव्यापर्यंत पुरेलही तीच.