गोठ्यांतील जुनी लूना

पुष्कळ शेतकरी बंधूंच्या गोठ्यांत अथवा पडवींत एखादी जुनी दुचाकी धूळ खात पडलेली असते. ती भंगारांत घालण्यापूर्वीं थोडा विचार व्हावा, या हेतूनें आमचा अनुभव येथें देत आहों.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. नागापूर येथील आमच्या घरीं वडिलांची लूना कडब्याच्या गंजीआड बारा वर्षें पडून होती. तिच्यावरूनच त्यांनीं नगरास दूध घातलें व त्या पैशांवर आमची शाळा झाली. भंगारवाल्यानें वजनावर भाव सांगितला, तेव्हां मन होईना.

लूनेचा आपल्या जिल्ह्याशीं संबंध जवळचा आहे. नगरच्या फिरोदिया घराण्यांतील श्री. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीनें इ. स. १९७२ मध्यें ही ५० सी.सी. ची पायडलाची गाडी काढली. नमुना इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या गाडीचा होता. लूना मात्र नगरच्या कारखान्यांत तयार होई. या शतकाच्या आरंभीं ती बंद पडली.

रविवारीं सवड काढून आम्हीं काम आरंभिलें. इंजिन जाम होतें. अशा वेळीं पायडलावर जोर करूं नये. प्लग काढून त्या छिद्रांतून पातळ तेल सोडावें, दोन-तीन दिवस थांबावें व मग चाक हातानें हळूहळू फिरवावें. कार्बुरेटरांत जुनें पेट्रोल सुकून जेट बुजलेलें असतें. तें तारेनें न कोरतां धुवून फुंकावें. क्रँकचे ऑइल सील आम्हीं काटकसर म्हणून बदलले नाहींत. त्यामुळें बाहेरची हवा आंत शिरून मिश्रण पातळ झालें व पिस्टन तापून अडकला. चार पैसे वांचविण्याच्या नादांत दुप्पट खर्च झाला.

या गाडीस तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें, हें विसरूं नये. तसेंच आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें आपल्याच उसाचें खरें, परंतु जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाहीं व पाणीही ओढून घेतें. सबब नळ्या नव्या घालाव्या व टाकींत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवूं नये.

रंगाऱ्यानें गंज घासतांना सांगाड्यावरील क्रमांकही घासूं पाहिला. आम्हीं त्यास अडविलें. शेतास जसा हद्दीचा दगड, तसा गाडीस तो क्रमांक.

आतां लाजेची गोष्ट. वडील वारल्यावर जमिनीचा फेरफार आम्हीं तत्काळ केला. गाडीचा केलाच नाहीं. ज्या हातानें शेंकडों शेतकऱ्यांच्या वारसनोंदी लिहिल्या, त्याच हाताची ही हयगय! नियम असा, कीं मालक वारल्याची खबर परिवहन कार्यालयास ३० दिवसांत द्यावी व तीन महिन्यांत नमुना ३१ चा अर्ज करावा. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते. पुढें तपासणी करून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते.

आमची गाडी आज चालू आहे, परंतु केवळ अंगणांत. अर्ज दिला आहे. कागद हातीं येईपर्यंत ती रस्त्यावर न्यावयाची नाहीं, असा निश्चय आहे. वाचकांनीं आमच्यासारखें न करतां आधीं कागद पाहावे, मगच पाना हातीं धरावा.