पाडलेल्या इमारतींना आसरा देणारे गाव

उत्तर वेल्समध्ये दुइरिड नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटी लागली की खाडी रिकामी होते आणि दूरवर नुसती वाळू दिसते. त्या वाळूकडे तोंड करून, झाडीने भरलेल्या उतारावर पोर्टमेरियन उभे आहे. घुमट, मनोरा, गुलाबी-पिवळ्या भिंती पाहून हे इटलीतले जुने गाव असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते क्लफ विल्यम्स-एलिस या एकाच वास्तुकाराने पर्यटकांसाठी रचले आहे.

१९२५ साली त्याने ही जागा पाच हजार पौंडांहून थोड्या कमी किमतीला घेतली आणि पुढच्याच वर्षी, ईस्टरला, तिथल्या जुन्या बंगल्यात हॉटेल सुरू केले. पाहुण्यांच्या पैशांतून गाव वाढत गेले. महायुद्धाने काम थांबले, १९५४ नंतर पुन्हा सुरू झाले, आणि संपले तेव्हा क्लफने नव्वदी ओलांडली होती. निसर्गरम्य जागेवर बांधकाम करूनही तिचे सौंदर्य राखता येते, हे त्याला सिद्ध करायचे होते. खेड्यापाड्यांत बेबंद पसरणाऱ्या बांधकामांविरुद्ध त्याने १९२८ साली पुस्तकही लिहिले होते. नुसती टीका करून तो थांबला नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो.

गावात फिरताना नजर फसते. वरच्या मजल्यांच्या खिडक्या मुद्दाम लहान आहेत, त्यामुळे इमारती उंच भासतात. काही खिडक्या तर नुसत्या रंगवलेल्या आहेत. पण मला या करामतींपेक्षा तिथल्या जुन्या वस्तूंचे मोल अधिक वाटते. एमरल हॉल नावाचा जुना वाडा पाडला जाणार असल्याचे क्लफने वाचले आणि त्याने लिलाव गाठला. हर्क्युलीसच्या पराक्रमांची चित्रे कोरलेले सतराव्या शतकातले गिलाव्याचे छत त्याला अवघ्या तेरा पौंडांत मिळाले. पण छत तोलायला भिंती हव्यात, खिडक्या हव्यात! मग वाड्याचे इतरही भाग विकत घेणे आले. छताचे तुकडे करून ते इथे आणले आणि त्याच्यासाठी नवे सभागृह बांधले. ब्रिस्टलमधली १७६०च्या सुमाराची दगडी खांबांची ओळही अशीच उतरवून १९५९ मध्ये इथे पुन्हा उभारली गेली. पडक्या इमारतींचे घर, असेच तो या गावाला म्हणे.

‘द प्रिझनर’ या दूरदर्शन मालिकेचे बाहेरचे चित्रीकरण १९६६-६७ मध्ये इथे झाले आणि गाव जगभर पोचले. आज दिवसापुरते येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावे लागते. ते मला योग्यच वाटते. अशी जागा राखायला पैसा लागतो.

हे सगळे वाचताना कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. किनाऱ्यालगतची चिरेबंदी, कौलारू घरे उतरवून तिथे स्लॅबच्या इमारती येतात, आणि ओटीवरचे कोरीव खांब, चौकटी, जुनी दारे लाकडाच्या भावाने जातात. कोकणात लॉज किंवा होमस्टे बांधायला निघालेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: जुने घर पाडण्याआधी त्याची मापे घ्या, फोटो काढा, आणि निदान खांब, दारे आणि कौले तरी नव्या बांधकामात वापरा.