घटनादुरुस्ती : ऐकीव गोष्टी आणि कलमांतले वास्तव

"आरक्षण दहाच वर्षांसाठी होते, मग घटना बदलून बदलून लांबवले." हे वाक्य शिकलीसवरलेली माणसेही छातीठोकपणे बोलतात, आणि ते चूक आहे. दहा वर्षांची मुदत घटनेत होती हे खरे. पण ती कलम 334 मध्ये. अनुसूचित जाती-जमातींना लोकसभेत आणि विधानसभांत ज्या राखीव जागा आहेत, मुख्यतः त्यांच्यासाठी ते कलम. ती मुदत दर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती करूनच वाढवावी लागते. 8वी, 23वी, 45वी, 62वी, 79वी, 95वी आणि 104वी या दुरुस्त्या त्यासाठी झाल्या. आताची मुदत 25 जानेवारी 2030 पर्यंत आहे. शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणाचा आधार वेगळा, कलम 15(4) आणि 16(4). या दोन्हींना मुदत कधी नव्हतीच. पन्नास टक्क्यांची मर्यादाही मूळ घटनेतली नाही. ती सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या इंद्रा साहनी निकालात घालून दिली.

या दोन कलमांतले 15(4) तर मूळ घटनेत नव्हतेच. मद्रास प्रांतात महाविद्यालयीन प्रवेशांसाठी जातवार जागा ठरवणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केला, तेव्हा जून 1951 मधल्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते आले. घटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. पंतप्रधान नेहरू, कायदामंत्री डॉ. आंबेडकर, आणि सभागृहात बसलेले बरेचसे लोक संविधान सभेतलेच. घटनाकारांना आपल्या मजकुरात काही बदलायचेच नव्हते, ही समजूत इथेच कोलमडते. बदलाची वाट त्यांनी कलम 368 मध्ये स्वतः आखून ठेवली होती.

मग येतो आकडा. 2023 पर्यंत आपल्याकडे 106 घटनादुरुस्त्या झाल्या, अमेरिकेत 27; म्हणून आपली घटना कच्ची, असे म्हटले जाते. हा हिशेबच फसवा आहे. वर सांगितलेल्या सात दुरुस्त्या मुख्यतः मुदतवाढीच्या. 71व्या दुरुस्तीने 1992 मध्ये कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी आठव्या अनुसूचीत आल्या. 100वी बांगलादेशाबरोबरच्या भूभागांच्या अदलाबदलीची. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग नेमणारी 99वी न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केली, तरी तिचा क्रमांक मोजला जातोच. आणि 1976 ची 42वी आकड्यात एकच. पण तिने प्रास्ताविकेपासून न्यायालयांच्या अधिकारांपर्यंत घटनेचा मोठा भाग हलवला. तिच्यातले बरेच 43व्या आणि 44व्या दुरुस्तीने मागे घेतले. प्रास्ताविकेतले 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द मात्र राहिले.

क्रमांकांचा आणखी एक घोळ होतो. विधेयकाचा क्रमांक आणि दुरुस्तीचा क्रमांक वेगळे असतात. महिला आरक्षणाचे विधेयक 128वे होते, दुरुस्ती झाली 106वी.

'बहुमत असले की सरकार हवी तशी घटना बदलते' या समजुतीलाही इतिहासाने उत्तर दिले आहे. प्रत्येक सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात, शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. 543 जणांच्या लोकसभेत समजा 360 जणांनीच मतदान केले, तर दोन तृतीयांश होतात 240. पण 272 नसतील तर दुरुस्ती पडली. दोन सभागृहांत मतभेद झाला तर संयुक्त अधिवेशनाची सोय इथे नाही. राजीव गांधींकडे चारशेहून जास्त खासदार होते, तरी पंचायतराज घटनेत आणणारे त्यांचे 64वे विधेयक 1989 मध्ये राज्यसभेत पडले. गावोगावच्या ग्रामपंचायतींना घटनेचा आधार मिळायला 73व्या दुरुस्तीची, म्हणजे आणखी काही वर्षांची वाट पाहावी लागली.

काही विषयांत एवढेही पुरत नाही. निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते. ही पायरी कोरडी औपचारिकता नव्हे, हे साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या महाराष्ट्राने तरी नीट लक्षात ठेवले पाहिजे. 97व्या दुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी घटनेत नवा भाग घातला. सहकार हा राज्यांचा विषय, तरी राज्यांची संमती घेतलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये तो भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द ठरवला. तो उरला फक्त बहुराज्य संस्थांसाठी. माझ्या मते संघराज्य म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

मराठा आरक्षणाच्या लढ्यातही घटनादुरुस्तीच मध्ये आली होती. मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार 2018 च्या 102व्या दुरुस्तीने गेला, असा अर्थ न्यायालयाने 5 मे 2021 च्या निकालात लावला. त्याच वर्षी 105वी दुरुस्ती करून संसदेने तो राज्यांना परत दिला.

उलट, जिथे मोठी दुरुस्ती लागत असेल असे वाटते, तिथे ती लागत नाही. नवे राज्य करायला कलम 3 खाली साधा कायदा पुरतो आणि कलम 4 प्रमाणे तो घटनादुरुस्ती मानला जात नाही. 1 मे 1960 चा महाराष्ट्र अशाच कायद्याने झाला. 1987 मध्ये गोव्याला राज्याचा दर्जाही कायद्यानेच मिळाला; 56व्या दुरुस्तीने फक्त गोव्याच्या विधानसभेत किमान 30 सदस्य असतील अशी तरतूद केली.

संसदेच्या घटना बदलण्याच्या अधिकारालाही कुंपण आहे. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरवले की दुरुस्ती कुठल्याही कलमात करता येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. त्या चौकटीत काय काय येते याची यादी घटनेत सापडणार नाही. न्यायालय ती खटल्यागणिक ठरवत आले आहे.

'भारताचे संविधान' मराठीत उपलब्ध आहे. पुढच्या वेळी दहा वर्षांचा वाद निघाला, तर त्यातले कलम 334 उघडून मोठ्याने वाचून दाखवा.