फोनमधलं अ‍ॅप संगणकावर

गेल्या हिवाळ्यात आई नाशिकहून आमच्याकडे कोलकात्यातल्या सॉल्ट लेकला आली, तेव्हा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. फोनवर शब्दकोडी सोडवायची तिला भारी आवड, पण अक्षरं लागेनात. मी फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि तेच कोडं पंधरा इंची पडद्यावर आणून दिलं. "अरे, केवढं मोठं दिसतंय!" म्हणत तिने माऊस हातात घेतला.

फोनची अ‍ॅप संगणकावर चालवायची म्हटलं की लोक आधी एम्युलेटर शोधतात. एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या आत उभा केलेला नकली फोन. इथल्या सेक्टर फाइव्हमध्ये अ‍ॅप बनवणाऱ्यांचं हे रोजचं साधन. गूगलने २००७ साली प्रोग्रामरांना तो दिला तेव्हा अँड्रॉइडचा एकही फोन बाजारात आलेला नव्हता. पहिला आला २००८ मध्ये. पुढे २०११ पासून ब्लूस्टॅक्ससारख्या प्रोग्रॅममुळे एम्युलेटर गेम खेळणाऱ्यांच्या घरी पोचला.

पण हे काम जड आहे. विंडोजच्या पोटात दुसरी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असते. शिवाय बहुतेक फोनचे प्रोसेसर एआरएम जातीचे, तर घरच्या संगणकात सहसा इंटेल किंवा एएमडीचे. दोघांची भाषा वेगळी, त्यामुळे अनेक अ‍ॅपच्या आज्ञांचं चालता चालता भाषांतर करावं लागतं. चार जीबी रॅमचा लॅपटॉप तिथेच गुडघे टेकतो. गूगल प्ले गेम्सच्या संगणकावरच्या आवृत्तीला किमान आठ जीबी रॅम आणि एसएसडीवर दहा जीबी मोकळी जागा लागते. रॅम भरपूर असूनही गेम अडखळत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. तिथे व्हर्च्युअलायझेशन बंद दिसलं, तर ते बायोसमध्ये जाऊन सुरू करावं लागतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच अँड्रॉइड अ‍ॅपची सोय दिली होती, ती ५ मार्च २०२५ ला बंद झाली. जुने व्हिडिओ पाहून तिच्यामागे लागू नका.

आईसाठी मी वापरला तो एससीआरसीपीवाय नावाचा मोफत प्रोग्रॅम. यात अ‍ॅप फोनमध्येच चालतं, संगणकावर दिसतं ते फक्त त्याचं चित्र. माऊस आणि कीबोर्ड बोटांचं काम करतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबर शोधून त्यावर सात वेळा टॅप करायचं, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग सुरू करायचं आणि केबल लावायची. जुन्या लॅपटॉपवरही हे सुरळीत चालतं. काम झालं की डीबगिंग आठवणीने बंद करा. माझ्या मते घरगुती वापराला एवढं पुरतं. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपसाठी तर हीसुद्धा खटपट नको, ते २०१५ पासून ब्राउझरमध्ये चालतं.

मोठा गेम रोज खेळायचाच असेल तर एम्युलेटर जरूर घ्या, पण मूळ कंपनीच्या साइटवरूनच. तिथेही डोळे उघडे ठेवा: नॉक्सप्लेअर या एम्युलेटरच्या अपडेटमधून काही निवडक संगणकांत घातक प्रोग्रॅम शिरल्याचं ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२१ मध्ये उघड केलं होतं. आणि बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप एम्युलेटरमध्ये कधीच टाकू नका, ते फोनमध्येच राहू द्या.