कळसूबाईच्या कातळावरची हिरवी बेटे

श्रावणात बारी गावातून कळसूबाई चढताना पाय सटकला, की आपण म्हणतो, ‘जपून, शेवाळ आहे!’ पण कातळाला बिलगलेली ती हिरवी मखमल पुष्कळदा शेवाळ नसतेच. त्या असतात हरिता, म्हणजे मॉस. ओल्या मातीवर चपट्या चकत्यांसारख्या पसरतात त्या यकृतका. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना त्यांतली ‘रिक्सिया’ आठवेल.

यांना खरी मुळे नाहीत, फूल नाही, बी नाही. फलनासाठी नरपेशीला पाण्यातून पोहत जावे लागते. पुढचा प्रवास मात्र वाऱ्यावरचा. धुळीसारखे बारीक बीजाणू समुद्र ओलांडून निर्जन बेटांवरही पोहोचतात.

दक्षिण हिंदी महासागरातल्या कर्गेलेन बेटावर १७७६ मध्ये कॅप्टन कुक यांच्या मोहिमेतील विल्यम अँडरसन यांनी वनस्पती गोळा केल्या. १८४० च्या कडक हिवाळ्यात जोसेफ हूकर यांनी ती यादी खूप वाढवली. त्यांचा २३ वा वाढदिवस त्याच बेटावर गेला.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात एल. जे. सेजविक या सनदी अधिकाऱ्याने अशीच चिकाटी दाखवली. १९२१ ची इलाख्याची जनगणना त्यांच्या देखरेखीखाली झाली. माणसे मोजणारा हा साहेब सवडीने मॉसही गोळा करी. नमुने ओळखण्याचे काम इंग्लंडमधले एच. एन. डिक्सन करत. मॉस साध्या कागदी पुडीत वाळवून ठेवता येते. कित्येक वर्षांनी भिजवले तरी पाने उलगडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. पुडीवर ठिकाण आणि तारीख मात्र हवी.

अकोले तालुक्यातले उंच माथेही बेटेच आहेत. कळसूबाई (१६४६ मीटर), हरिश्चंद्रगड, रतनगड यांच्याभोवती समुद्र नाही, तर उष्ण, कोरडी सखल जमीन आहे. घाटघरला पाऊस कोसळत असताना नगर शहर ढगांकडे डोळे लावून बसलेले असते. माथ्यावरची ओल गेली, तर तिथल्या हरितांना सरकायला जागा नाही.

उन्हाळ्यात त्या वाळून तपकिरी होतात. मेल्यासारख्या दिसल्या, तरी त्यांतल्या अनेक पहिल्या सरीने पुन्हा हिरव्या होतात. वणव्यात जळालेल्या किंवा नावे कोरताना खरवडलेल्या मात्र परत येत नाहीत.

हा परिसर अभयारण्यात आहे, तेव्हा काही उपटू नका. भिंगातून पाहा, फोटो काढा, जागा आणि तारीख टिपून ठेवा. सेजविक यांच्या पुडीवरही तेवढेच लिहायचे असे.