पालीची पकड आणि माणसाची टेप

रात्री दिव्याच्या किड्यांसाठी खिडकीच्या काचेवर आलेली पाल घरातून पाहिली, तर तिचे तळवे नीट दिसतात. प्रत्येक बोटाखाली आडव्या, दाट पट्ट्या असतात. पाऊल उचलताना पाल बोट ओढून काढत नाही. टोकाकडून वर मुडपत सोलल्यासारखे सोडवते. घट्ट धरणे आणि हवे तेव्हा अलगद सोडणे, या दोन्ही गोष्टी तिला एकाच पायाने साधतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनी तिच्या पकडीचा पाठपुरावा केला.

पालीच्या पायाला डिंक नसतो आणि हवा शोषून धरणारी वाटीही नसते. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणाऱ्या टोके या मोठ्या पालीच्या एकेका पायावर सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात. ते केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. केसाची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते आणि त्याच्या टोकाला शेकडो फाटे फुटतात. हे फाटे भिंतीच्या इतके जवळ जातात की दोन्हींच्या रेणूंमध्ये व्हॅन डर वाल्स नावाचे आकर्षण काम करू लागते. हे आकर्षण अगदी क्षीण असते. जोर येतो तो संख्येमुळे.

केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये एका केसाचा जोर मोजला. किंचित दाबून मग ओढलेला केस सुमारे २० मिलिग्रॅम वजन पेलतो. चारही पायांचे सगळे केस एकदम असे लागले, तर हिशेब ४० किलोपर्यंत जातो. पालीचे वजन मात्र अर्ध्या किलोच्याही आत असते. केसाचा भिंतीशी असलेला कोन ३० अंशांच्या आसपास गेला की तो आपोआप सुटतो. बोट मुडपण्यामागचे कारण हेच.

मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम यांच्या गटाने २००३ मध्ये प्लॅस्टिकच्या सूक्ष्म केसांची टेप बनवली. ती चिकटली खरी, पण काही वापरांनंतर केस एकमेकांनाच चिकटून निकामी झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क कटकोस्की यांच्या गटाने सिलिकॉनच्या तिरक्या, पाचरीसारख्या कडा वापरल्या. एका दिशेने ओढल्या की त्या धरतात, ओढ थांबली की सोडतात. अशाच तळहाताएवढ्या पट्ट्या हातांत धरून २०१४ मध्ये ७० किलो वजनाचा माणूस ३.७ मीटर उंच काचेची भिंत चढला.

अवकाशात हे तंत्र विशेष उपयोगी आहे. निर्वात पोकळीत शोषून धरणारी वाटी चालत नाही, पण रेणूंचे आकर्षण तिथेही टिकते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने अशा पकडी तयार केल्या आणि २०१६ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर चाचणीसाठी पाठवल्या.

पाण्याखाली मात्र ही पकड ढिली पडते. तिथे समुद्रातल्या खडकांना चिकटून लाटा सोसणारा मसल जातीचा शिंपला मदतीला आला. त्याच्या चिकट प्रथिनांत डोपा नावाचे अमिनो आम्ल असते. २००७ मध्ये फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने पालीसारख्या कृत्रिम केसांवर डोपासारख्या रसायनाचा लेप दिला आणि ओल्यातही पुन्हापुन्हा चिकटणारी टेप तयार केली.

एक गोष्ट अजून पुरती साधलेली नाही. धुळीने माखलेला पालीचा तळवा थोडी पावले चालताच पुन्हा धरू लागतो. धूळ मागे भिंतीवर राहते. धुळीच्या भिंतीवर रोज चालूनही न बिघडणारी अशी टेप माणसाला अजून बनवायची आहे.