कशावरून?

प्रशिक्षणात शिक्षकांच्या हाती एक कृष्णधवल छायाचित्र दिले जाते. खालची माहितीची ओळ मुद्दाम कापलेली असते. कोण, कुठले, केव्हाचे, काही सांगायचे नाही.

"बाई दुःखी आहे," कोणीतरी लगेच म्हणते. प्रशिक्षकाचा प्रश्न ठरलेला असतो: कशावरून?

मग चित्र नीट पाहिले जाते. कपाळावर आठ्या, गालाशी टेकलेली बोटे, फाटकी बाही. दोन मुले तिला बिलगलेली, पण तोंडे फिरवून. मांडीवर तान्हे बाळ. हे निरीक्षण. 'दुःखी' हा अंदाज, तो पुढच्या रकान्यात. तिसरा रकाना प्रश्नांचा. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने शिक्षकांसाठी केलेल्या तक्त्यात मुख्य रकाने हे तीनच. मूळ साधने वर्गात कशी वापरावीत, याच्या प्रशिक्षणाचा तिचा कार्यक्रम २००६ पासून चालू आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात 'इतिहासाची साधने' असा धडाच असतो. इथे धडा बाजूला आणि साधन पुढ्यात.

शिक्षकांना सर्वांत जड जाते ते गप्प बसणे. उत्तर ओठांवर आलेले असते, कारण हे छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचे 'मायग्रंट मदर' आहे, हे बहुतेकांनी ओळखलेले असते. १९३६, कॅलिफोर्नियातले निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. पण वर्गात ते सांगून टाकले की विद्यार्थ्यांचे पाहणे तिथेच संपते.

आणि पाहण्यासारखे बरेच उरलेले असते. उजवीकडे खाली तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. तो नंतर निगेटिव्हवर पुसट करण्यात आला. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आधीची आणि नंतरची, दोन्ही रूपे आहेत. ती शेजारी ठेवली की 'छायाचित्र खोटे बोलत नाही' म्हणणारेही जरा थबकतात. त्याच भेटीतल्या, लांबून घेतलेल्या चित्रांत सगळा तंबू दिसतो.

पुढे शब्दांची उलटतपासणी. कुटुंबाने पोटासाठी गाडीचे टायर विकले होते, असे लँग यांनी १९६० मध्ये लिहिले. कुटुंबीयांनी ते साफ नाकारले. खरे कोणाचे? त्या बाईंचे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव तर जगाला १९७८ मध्ये कळले. लँग यांनी ते विचारलेच नव्हते.

लँग तेव्हा सरकारी नोकरीत होत्या, त्यामुळे ही छायाचित्रे कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. मराठी शाळेतल्या शिक्षकांनीही जरूर घ्यावीत. छापताना खालची ओळ तेवढी कापावी.